आवाज न्या, पण तोंडासकट

लॉर्ना हुदाकची मान अख्ख्या अमेरिकेनं पाहिली आहे. मान, उजवा खांदा आणि कानामागून निसटलेली एक बट. समोर कुणीतरी देखणा डॉक्टर नाहीतर वकील बसलेला असतो, कॅमेरा त्याच्याकडे टक लावून असतो, आणि चौकटीच्या कोपऱ्यात ते धूसर काहीतरी हलतं ना, ती लॉर्ना. तीस-पस्तीस वर्षं बाईनं हेच केलं. ‘डॉक्टर, पेशंटची बायको आलीय.’ ‘कॉफी आणखी घेणार?’ ‘फार शांत मुलगा होता हो, असं काही करेल वाटलं नव्हतं.’ वाक्य संपायच्या आत कॅमेरा दुसरीकडे. आणि वर हीच सिनेमावाली मंडळी तिला म्हणणार, लॉर्ना, तुझ्यासारखं भरवशाचं कुणी नाही. भरवशाची म्हणे! भरवशाचा माणूस म्हणजे ज्याला विचारायची गरज नसते तो.

ती मूळची ओहायोतल्या यंग्सटाउनची. बाप पोलादाच्या गिरणीत, आई ॲना शाळेच्या स्वयंपाकघरात मोठ्या डेगीतून सूप वाढायची. हुदाकांच्या घरात बायकांचा जबडा रुंद, डोळे खोल, आणि तोंड मिटलेलं असलं तरी भांडायला निघाल्यासारखं. लॉर्नानं शाळेच्या नाटकात काम केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा आई म्हणाली, “नाटकात ठीक आहे, लांबून बघतात. पण हे तोंड सिनेमात कोण घेणार गं? एवढा मोठा पडदा असतो तो. माणसं घाबरतील.”

आईच ती. आईनं म्हटलेलं अंगाला चिकटून राहतं, कितीही धुवा. गिरणी बंद पडली, बाप घरी बसला, आणि पुढच्या वर्षी लॉर्ना बसमध्ये बसून लॉस एंजेलिसला निघून आली. धाकटी बहीण मार्टा स्टँडवर रडली. आई आली नाही, तिला म्हणे शाळेत सूप होतं.

इकडे आल्यावर व्हायचं तेच झालं. दिवसा हॉटेलात वेट्रेस, आणि काम मिळालंच तर पडद्यावरही वेट्रेस. लग्न झालं, मोडलं. तो राग वेगळा आहे, तो आज काढत नाही.

पण एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तेव्हा ती तिशीच्या आत होती, आणि एका मोठ्या सिनेमात तिला एक पूर्ण सीन मिळाला. नायकाची घटस्फोटित बायको दारात उभं राहून त्याला चार खडे बोल सुनावते, एवढाच. पण क्लोजअप घेतला होता, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी लेन्स पाहिली होती. सिनेमा लागला तेव्हा ती मुद्दाम यंग्सटाउनला गेली, आईला आणि मार्टाला घेऊन थिएटरात बसली. आईनं त्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन केस करून घेतले होते. सीन आला. दार उघडलं. आणि पूर्ण वेळ पडद्यावर नायकाचं तोंड! हिचा नुसता खांदा, आणि आवाज. संकलकाच्या टेबलावर कुणालातरी वाटलं असेल, की हीरोकडेच राहू या.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, “एवढ्यासाठी केस करून आले मी? तो खांदा मी लहानपणी घासून धुतलाय, मला माहीत आहे तो.”

मार्टा हसली. लॉर्नाला हसू आलं नाही. आई त्यानंतर वीस वर्षं जगली, पण एकदाही विचारलं नाही की पोरी, सध्या काय चाललंय. गेली तेव्हा लॉर्ना उत्तरक्रियेला गेली, कोरड्या डोळ्यांनी परत आली. तिच्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घर करून होती. नाव नको, बक्षीस नको, हिरवळीचा बंगला तर नकोच नको. एकदा, फक्त एकदा, पडदाभर आपलं तोंड दिसलं पाहिजे. आई बघायला नाही, तरीही.

आणि साठी उलटल्यावर तो सीन आला.

पोलिसांची मालिका होती, सातवं वर्ष चालू होतं. लॉर्नाला मेलेल्या मुलाच्या आईचं काम मिळालं. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून ती इन्स्पेक्टरला बोलते. दोन पानं नुसती तिचीच! इन्स्पेक्टरचं मध्ये एक वाक्य, बाकी तो फक्त ऐकतो. कागद हातात आल्यावर ती बरबँकमधल्या आपल्या इमारतीचा जिना धापा टाकत चढली आणि समोरच्या दारावर थाप मारली. तिथे व्हर्ना टिलोटसन राहते. ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. तरुणपणी घोडेस्वारांच्या सिनेमात दारूच्या गुत्त्यातली बाई म्हणून इतक्या वेळा गोळी खाल्ली होती तिनं, की मरणाची भीतीच उरली नव्हती.

व्हर्नानं चष्मा लावून दोन्ही पानं वाचली आणि म्हणाली, “चांगलं आहे. आता गाढवपणा करू नकोस.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुला काय कुक्कुलं बाळ समजून सांगू? आधी त्याचा क्लोजअप घेतील. नेहमी बड्या माणसाचा आधी. तेव्हा तू कॅमेऱ्याबाहेर बसशील. तेव्हा कोबीचा भाव सांगितल्यासारखं बोलायचं. सगळं पोटात ठेवायचं. कॅमेरा तुझ्याकडे वळला की मग ओतायचं.”

“माहीत आहे गं मला.”

“माहीत सगळ्यांना असतं. समोरच्याच्या क्लोजअपला जे दिलं ते विहिरीत टाकलं. लिहून ठेव.”

आता हा या धंद्यातला रिवाज. दोन माणसं बोलत असली तरी कॅमेरा एका वेळी एकाकडेच असतो. आधी एकाचा चेहरा घेतात, तेव्हा दुसरा लेन्सच्या शेजारी स्टुलावर बसून आपली वाक्यं बोलतो, समोरच्याला धरायला काहीतरी मिळावं म्हणून. मग दिवे फिरवायचे, कॅमेरा उलटा करायचा, आणि आता पहिल्यानं स्टुलावर बसायचं. मी तुझ्यासाठी बसले, तू माझ्यासाठी बस. हे कुठल्याही करारात नाही. ज्याला लाज आहे तो बसतो. लॉर्ना आजवर सगळ्यांसाठी बसली होती, तापात बसली होती, नवऱ्यानं घर सोडलं त्या दिवशीही बसली होती.

शूटिंग लॉस एंजेलिसच्याच व्हॅन नाइस भागातल्या एका खऱ्या घरात होतं. इन्स्पेक्टर म्हणजे ट्रेंट मॅलरी. उंच, देखणा, मालिकेचा निर्मातासुद्धा तोच, त्यामुळे त्याच्या विनोदाला सगळे आधी हसायचे आणि मग ऐकायचे. सकाळी लॉर्नानं हात पुढे केला तर यानं गालाला गाल लावला आणि म्हणाला, “राणी, आज मला रडवायचंयस हं तू. सात वर्षांत कुणाला जमलं नाही.”

दिग्दर्शक डेव्हिन, तिशीतला, टोपी उलटी घातलेला. मुलगा वाईट नव्हता, पण ट्रेंटनं भुवई उचलली की याचा आवाज अर्धा व्हायचा. त्यानं सांगितलं, “लॉर्ना, आधी ट्रेंटचा अँगल करून घेऊ. तुम्हाला चालेल ना?”

न चालून सांगते कुणाला? ती स्टुलावर बसली. या बाजूनं टिपायचं ते ट्रेंटचं एकच वाक्य, त्यामुळे ध्वनिवाल्यानं एकुलता एक माइक त्याच्या डोक्यावर धरला, उगाच एखादा उसासा निघाला तर तोही मिळावा म्हणून. शेजारच्या बंगल्यात माळी पानं उडवायचं यंत्र घरघर चालवत होता. एरवी कुणीतरी धावत जाऊन त्याच्या हातावर नोट ठेवून यंत्र बंद करायला लावतं. आज कुणी गेलं नाही. कॅमेऱ्याबाहेरच्या बाईचं बोलणं कशाला लागणार आहे?

लॉर्नानं कोबीचा भाव सांगायला सुरुवात केली.

“तुम्ही आत्ता आलात. पायपुसण्यावर बूट पुसून आलात. डॅनी जिवंत होता तेव्हा मी फोन केले, तेव्हा तुमच्यापैकी कुणाला माझं घर सापडलं नाही. आज बरोबर सापडलं.”

पहिला टेक झाला. ट्रेंटचे डोळे ठणठणीत कोरडे. लगेच फोन काढून तो घरच्या बाथरूमच्या फरशीबद्दल कुणाशी तरी वाद घालू लागला. दुसरा टेक झाला, मग आणखी काही. डेव्हिन जवळ येऊन अदबीनं म्हणाला, “ट्रेंट, थोडं आतून कुठून तरी…”

“आतून काय येणार, डोंबल!” ट्रेंट सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला. “समोरून काही येतच नाहीये. ही बाई मुलगा मेल्याचं सांगतेय की बसची वेळ?”

दोघंतिघं हसले. सवयीनं हसले, पण हसले. लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या तोंडानं गाल लावला त्याच तोंडानं हे? हिनं या धंद्यात घासलेली वर्षं, आणि हा टिकोजीराव हिला सांगणार काय येतं नि काय येत नाही! व्हर्ना त्या वेळी तिथे असती तर तिनं स्टूल उचलून हिच्याच डोक्यात घातलं असतं, गप्प बस म्हणून. पण व्हर्ना बरबँकला होती.

“घे कॅमेरा,” लॉर्ना म्हणाली.

आणि तिनं सगळं ओतलं. आईचं सूप, बसस्टँड, थिएटरातला तो खांदा, सगळं त्या डॅनीच्या नावानं बाहेर आलं. ‘आज बरोबर सापडलं’ म्हणताना तिचा आवाज असा फाटला, की दिव्याची शिडी धरून उभ्या असलेल्या माणसानं मान खाली घातली. ट्रेंटचा चेहरा आधी दचकला, मग सैल पडला, मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, खरंखुरं, नाकाच्या कडेनं ओठापर्यंत. डेव्हिननं ‘कट’ म्हटलं आणि सगळे टाळ्या वाजवू लागले. ट्रेंटसाठी! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ट्रेंटनं डोळे पुसून तिला मिठी मारली. “बघ? तू थोडं दिलंस की मी देतोच.”

दिवे फिरायला लागले. लॉर्ना तोंड धुऊन आली, मेकअप नीट करून घेतला, आईच्या जागी टेबलाशी बसली. आता कॅमेरा तिच्याकडे होता. मोठी काळी लेन्स, समोर, इतक्या वर्षांनी. आणि लेन्सच्या शेजारच्या स्टुलावर कुणी नव्हतं. एक लोखंडी स्टँड होता, त्यावर डोळ्यांच्या उंचीला चिकटपट्टीची फुली मारली होती. बाजूला इमेल्डा, कोणत्या टेकला काय बोललं हे टिपून ठेवणारी बाई, कागद घेऊन बसली होती.

“ट्रेंट कुठाय?” लॉर्नानं विचारलं.

इमेल्डा खाली बघत म्हणाली, “त्यांची गाडी लागलीये. त्यांच्या जागी मी बसते गं. तू त्या फुलीकडे बघून बोल.”

लॉर्ना उठली ती तडक रस्त्यावर. घरातला झगा, पायात मेलेल्या मुलाच्या आईच्या सपाता. ट्रेंट गाडीत बसत होता.

“माझा क्लोजअप आहे,” ती म्हणाली.

“हो की! मजा कर. आपला तर झाला.”

“तुझ्या वेळी मी बसले होते.”

“अगं राणी, माझे आजचे तास संपले. घरी फरशीवाला येऊन बसलाय. इमेल्डा आहे ना.”

“इमेल्डाचा मुलगा नाही मेला माझ्यापुढे!” लॉर्ना ओरडली. आपण काय बोलतोय याचं तिला भान नव्हतं आणि पर्वाही नव्हती. “तू सकाळी म्हणालास, मला रडव. रडवलं. आता माझं रडू टिपायची वेळ आली तर फरशी? गरज सरो वैद्य मरो? अरे, पडद्यावर पोलीस होतोस ना तू, सात वर्षं लोकांच्या दारात उभा राहून ‘मी ऐकतोय, ताई’ म्हणतोस ना? मग ऐक की! एकदा ऐक. कॅमेरा तुझ्याकडे नसताना ऐक!”

ट्रेंट जरा हसला, ड्रायव्हरकडे बघून. “हे सगळं वापर हं सीनमध्ये. छान आहे,” म्हणाला आणि काच वर केली. गाडी गेली.

ती परत आली. पहिल्या टेकला तिच्या तोंडून शब्द निघाले, पण आत खडखडाट होता.

डेव्हिन हळूच म्हणाला, “लॉर्ना, थोडं रडता आलं तर? मघाशी कसं…”

“मघाचं रडू गाडीत बसून गेलं, बाळा.”

“जागा सोडायची वेळ झालीय हो. फार तर आणखी एकदाच घेता येईल.”

ध्वनिवाल्यानं तिच्या डोक्यावर माइक धरला, झग्याच्या आतही एक लावला. माळी केव्हाच घरी गेला होता, बाहेर चिडीचूप होतं. लॉर्नानं फुलीकडे पाहिलं. त्या चिकटपट्टीला बूट नव्हते, कान नव्हते, आणि ती तिच्याकडे बघतही नव्हती. तिनं बोलायला सुरुवात केली. डोळ्यांत टिपूस नाही. जबडा आवळलेला, एकेक शब्द दाताखालून सोडल्यासारखा. ‘आज बरोबर सापडलं’ हे तिनं जवळजवळ कुजबुजत म्हटलं. मध्ये इमेल्डानं इन्स्पेक्टरचं ‘बाई, मला वाईट वाटतं’ हे एक वाक्य वाचायचं होतं, ते तिला वाचवेना. सीन तसाच पुढे गेला.

“मिळालं. आभार सगळ्यांचे,” डेव्हिन घड्याळाकडे बघत म्हणाला आणि लोकांनी वायरी गुंडाळायला घेतल्या.

घरी येताना हायवेवर लॉर्ना गाडीच्या काचा बंद करून घसा बसेपर्यंत शिव्या देत होती. व्हर्नानं दार उघडून तिचं तोंड पाहिलं आणि विचारलं, “विहिरीत?”

“विहिरीत,” लॉर्ना म्हणाली. व्हर्नानं मग ट्रेंटच्या मागच्या पिढ्यांचा उद्धार केला, आणि मग हिचा. त्यात जेवण थंड झालं.

दोनेक महिन्यांनी फोन आला. डबिंगला या, थोडा आवाज पुन्हा घ्यायचाय. करारात होतं, जावंच लागणार होतं. काळोखी खोली, समोर पडदा, मधे माइक, आणि काचेपलीकडे डेव्हिन, टोपी सरळ घातलेला. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

पडद्यावर सीन सुरू झाला. तेच स्वयंपाकघर, तेच टेबल. आणि पूर्ण वेळ ट्रेंटचं तोंड! तिची दोन पानं, दोन्हीच्या दोन्ही, ट्रेंटच्या गालावरून ओघळत होती. कोपऱ्यात करडं काहीतरी हलत होतं, तो हिचा खांदा. आणि आवाज? पानं उडवायच्या यंत्राची घरघर, तिच्याखाली कुठेतरी खोल, विहिरीतून आल्यासारखी लॉर्ना.

डेव्हिन काचेपलीकडून बोलला. “लॉर्ना, ट्रेंटचं हे आजवरचं सर्वोत्तम काम आहे. बक्षिसांसाठी हाच भाग पाठवायचाय. फक्त तुमच्यावर माइक नव्हता त्या वेळी. अगदी त्या दिवशी दिलंत तसंच द्या. तेच, त्याच भावनेनं.”

लॉर्ना पडद्याकडे बघत राहिली. आईचा आवाज कानात आला, मार्टाचं हसणंही आलं. पण या वेळी ती ओरडली नाही. राग थंड झाला होता, आणि थंड रागासारखं कामाचं दुसरं काही नसतं.

“बरं,” ती म्हणाली.

तिनं वाक्यं म्हटली. प्रत्येक शब्द स्पष्ट, वेळेवर, एकही चूक नाही. कोबीचा भाव.

“छान,” डेव्हिन म्हणाला. “आता थोडं आणखी…”

ती आणखी एकदा बोलली. बसची वेळ. तंतोतंत. जन्मात तिनं कधी मुद्दाम वाईट काम केलं नव्हतं. चार ओळींची परिचारिकाही ती जीव लावून करायची. आता जीव आवरून धरताना तिच्या कपाळावर घाम आला. पडद्यावर ट्रेंट धाय मोकलून रडत होता आणि खाली त्याला कुणीतरी गाड्यांचं वेळापत्रक वाचून दाखवत होतं. इतकं हास्यास्पद दिसत होतं, की ध्वनिमुद्रकानं खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

डेव्हिन काचेमागून उठून आत आला. अडला हरी! खुर्ची ओढून तिच्यापुढे बसला. “लॉर्ना, प्लीज. त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते मी पाहिलंय. तुम्हाला येतं.”

“येतं. त्या दिवशी कॅमेऱ्याबाहेर बसून दिलं, फुकट दिलं. तुम्ही माळ्याचं यंत्रसुद्धा बंद केलं नाहीत.”

“चूक झाली.”

“चूक नाही रे, सवय आहे. हीच तर तक्रार आहे माझी.” ती माइकपासून लांब झाली. “तुला चांगला आवाज हवाय ना? आहे तुझ्याकडे. माझा क्लोजअप घेतलास त्या टेकला माइक माझ्या डोक्यावर होता, दुसरा झग्यात होता, माळी घरी गेला होता. सगळा स्वच्छ आहे. ऐकलास का कधी?”

डेव्हिननं टोपी काढून हातात घेतली. ऐकला नव्हता. ट्रेंटचं पाणी पाहिल्यावर पुढची फिल्म उघडायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

“पण त्यात तुम्ही रडत नाही आहात,” तो म्हणाला. “तो आवाज ट्रेंटच्या चेहऱ्यावर बसणारच नाही.”

“नाही बसणार. तो माझ्या चेहऱ्यावर बसतो.” लॉर्नानं पर्स उचलली. “आवाज हवा असेल तर न्या. पण तोंडासकट न्या.”

“ट्रेंट काय म्हणेल?”

“त्याला म्हणावं, माझी दोन पानं स्वतः बोल. आई होऊन.”

पुढे काय खलबतं झाली देव जाणे. म्हणे ट्रेंटनं आदळआपट केली, म्हणे इमेल्डानं कुणी न विचारता सांगितलं की तो टेक एकदा लावून बघा, म्हणे टेक लावल्यावर सगळ्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. सेटवरच्या बातम्या, त्यांतल्या निम्म्या खोट्या. लॉर्नाला कुणी काहीही कळवलं नाही, भरवशाच्या बाईला कळवायचं काय?

भाग लागला त्या रविवारी व्हर्नाकडे दोघी बसल्या. व्हर्नानं मॅकरोनी-चीज केलं होतं, ते कुणी खात नव्हतं. स्वयंपाकघर आलं. टेबल आलं. लॉर्नानं खुर्चीचे हात घट्ट धरले.

आणि तोंड आलं.

पडदाभर. कपाळापासून हनुवटीपर्यंत, सुरकुत्यांसकट, खोल डोळे, आवळलेला रुंद जबडा. ‘तुम्ही आत्ता आलात.’ कॅमेरा हलेना. ‘पायपुसण्यावर बूट पुसून आलात.’ ट्रेंट मध्ये एकदा दिसला, एक थेंब गाळला आणि गेला, परत तेच तोंड. ते रडत नव्हतं. ते बघत होतं, घरोघरी जो कुणी सोफ्यावर बसला असेल त्याच्याकडे. व्हर्ना, जिनं आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला शिवी घातली, ती तोंडावर हात ठेवून बसली होती.

“मेले,” शेवटी व्हर्ना म्हणाली. “दाखवलं की गं मेल्यांनी.”

फोन वाजला. यंग्सटाउनहून मार्टा. ती एवढी रडत होती, की आधी शब्दच कळेनात.

“लॉर्ना… बघितलं गं मी. अगं, मला वाटलं आईच बसलीय.”

“काय?”

“आईचं तोंड गं! आई चिडली की अशीच बसायची टेबलाशी, सूप पुढ्यात घेऊन, जबडा असा करून. अगदी तीच. मी उठून उभी राहिले खुर्चीतून.”

लॉर्नानं टीव्हीकडे पाहिलं. तिथे आता साबणाची जाहिरात चालू होती. कोण घेणार हे तोंड, म्हणाली होती. अख्खा जन्म जिच्यावर डाफरत काढला, जिच्या एका वाक्यासाठी एवढा खटाटोप केला, तिचंच तोंड शेवटी नेऊन ठेवलं होतं आपण तिथे. तिला पुन्हा राग आला, इतका की डोळे भरून आले. त्या दिवशी सेटवर हवं होतं ते पाणी आत्ता आलं, कुणाच्याही कॅमेऱ्यापुढे नसताना.

“मार्टा,” ती म्हणाली, “उद्या जातेस का गं तिच्या थडग्यावर?”

“जाईन की. काय सांगू?”

“सांग म्हणावं, तुझं तोंड दाखवलं टीव्हीवर. पूर्ण पडदाभर. कुणीही घाबरलं नाही.”